स्मेदिकचा पब : रोजनिशीतील काही पाने

१८ जानेवारी २०२५, शनिवार

इथली मिक्स्ड ग्रिल दिसण्याआधी ऐकू येते. स्वयंपाकघराचं दार उघडतं, कांद्याचा चरचराट आधी बाहेर येतो, मग धूर, आणि मग त्या धुरामागे तवा धरलेला मुलगा. लाकडी पाटावर बसवलेला काळा बिडाचा तवा. तळाला जाड चिरलेला, कडेने करपलेला कांदा, त्यावर कोंबडीच्या तंगड्या, मटणाच्या चापा, सीख कबाब, वर लिंबाच्या फोडी. बाजूला कागद घातलेल्या टोपलीत नान. चौघं-पाचजण एकाच तव्यात हात घालतात, बोटं भाजून घेतात, आणि बोलणं काही थांबत नाही.

बर्मिंगहॅमच्या पश्चिम कडेला चिकटून स्मेदिक आहे. कोळसा, लोखंड आणि धूर यांमुळे ज्या भागाला ब्लॅक कंट्री म्हणतात त्याच्या वेशीवरचं गाव. इथला आमचा पब म्हणजे कोपऱ्यावरची लाल विटांची जुनी इमारत. बाहेरून पाहिलं तर कुठलाही इंग्रजी पब वाटावा. आत एका भिंतीवर डार्ट्सचा फळा, दुसरीकडे वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या फुटबॉल क्लबचे मफलर, टीव्हीवर कबड्डी, आणि काउंटरमागे पंजाबी मालक. त्यांना सगळे पाजी म्हणतात, गोरेसुद्धा. ते मात्र बायकांना ‘बॅब’ म्हणतात, अगदी इथल्या पद्धतीने. म्हणजे ताई, बाई, पोरी, सगळं एकातच. काउंटरला टेकलेले निवृत्त इंग्रज गृहस्थ माइल्ड बिअरचा पाइंट घेऊन बसतात आणि सोबत शेंगदाण्यांऐवजी फिश पकोडा मागवतात.

अशा जागांना इथे देसी पब म्हणतात. स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच, हँड्सवर्थ, वुल्वरहॅम्प्टन या पट्ट्यात ते भरपूर आहेत. कारखाने बंद पडत गेले, तसे कामगारांच्या जिवावर चालणारे पबही ओस पडले. ओतशाळांत घाम गाळलेल्या पंजाब्यांनी आणि त्यांच्या मुलांनी त्यातले अनेक चालवायला घेतले. बिअर तीच राहिली, स्वयंपाकघर बदललं.

२४ जानेवारी, शुक्रवार

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवीन पेशंट आला की एक प्रश्न ठरलेला : तुम्हाला नेमकं काय करता यायला हवं? कोणी जिना म्हणतं, कोणी नातवाला उचलणं. आज गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले एक वयस्कर सरदारजी आले. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, “घरापासून पबपर्यंत चालत जायचंय, आणि काउंटरपाशी उभं राहून पहिला घोट घ्यायचाय. बसून नाही.”

साठच्या दशकात ते पंजाबातून आले आणि आयुष्यभर ओतशाळेत साचे भरले. खांदे गेलेत, एका कानाने ऐकू येत नाही. बायको वारली, मुलगा दुसऱ्या शहरात. रोज चारच्या सुमाराला पबमध्ये जायचं, अर्ध्या पाइंटवर दोन तास काढायचे, घरी यायचं. मी विचारलं, एखाद्या दिवशी नाही गेलात तर? म्हणाले, “पाजी माणूस पाठवतो.”

त्यांच्या कागदावर मी उद्दिष्ट म्हणून हेच लिहिलं : पबपर्यंत विनाआधार चालणे, दहा मिनिटे उभे राहणे. आमच्याकडे एकाकी म्हाताऱ्यांसाठी योजना असतात, फॉर्म असतात, फोन करणारे स्वयंसेवक असतात. ते सगळं हवंच. पण चार वाजून गेले तरी एक माणूस आला नाही हे ज्याच्या ध्यानात येतं, तो काउंटरमागे उभा आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज साठ वर्षं झाली. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले होते.

ते इथे का आले, हे समजायला आधीचा ऑक्टोबर पाहावा लागतो. १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर मजूर पक्ष जिंकला आणि स्मेदिकमध्ये हरला. परराष्ट्रमंत्रिपदाचे दावेदार पॅट्रिक गॉर्डन वॉकर पडले आणि हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स निवडून आले. इथल्या प्रचाराचा भर काळ्या-सावळ्या स्थलांतरितांवर होता आणि त्याची भाषा इतकी गलिच्छ होती की ती या वहीत उतरवावीशी वाटत नाही. मार्शल स्ट्रीटवरच्या गोऱ्या रहिवाशांची मागणी होती की रस्त्यावरची विक्रीला निघालेली घरं नगरपालिकेने विकत घ्यावीत आणि फक्त गोऱ्यांना द्यावीत. नगरपालिकेने ती उचलून धरली होती.

माल्कम एक्सना बोलावलं ते इंडियन वर्कर्स असोसिएशनने, आणि त्यात पुढे होते अवतारसिंग जोहल. १९५८ मध्ये ते पंजाबातून शिकायला म्हणून आले आणि ओतशाळेत कामाला लागले. त्या काळात पबमध्ये दोन खोल्या असायच्या. एक पब्लिक बार : उघडी फरशी, लाकडी बाकं, कामाच्या कपड्यांतली माणसं. दुसरी स्मोक रूम : गालिचा, गाद्यांच्या खुर्च्या, बिअर किंचित महाग. अनेक पब आशियाई आणि कॅरिबियन गिऱ्हाइकांना स्मोक रूममध्ये बसू देत नसत. काही तर दारातूनच परत पाठवत. कायदा त्यांच्या आड येत नव्हता.

मार्शल स्ट्रीटवरून चालून झाल्यावर माल्कम एक्स आणि जोहल हाय स्ट्रीटवरच्या ब्लू गेट्स या पबमध्ये गेले. स्मोक रूममध्ये त्यांना काही मिळालं नाही, पब्लिक बारमध्ये जा असं सांगण्यात आलं. माल्कम एक्स मुसलमान, दारूला शिवत नसत. दारूचा प्रश्नच नव्हता. त्या खोलीत बसायचा हक्क आहे की नाही, एवढंच पाहायचं होतं, आणि उत्तर मिळालं. नऊ दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली.

चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्या मातीत झाला, तिथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती काही तिथलं पाणी जास्त गोड होतं म्हणून नव्हे. चहाच्या हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी आमच्या आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. कोणाला कुठे बसून काय प्यायला मिळतं, यावरून त्या गावात त्याची किंमत कळते.

जोहल आणि त्यांचे साथी एका भेटीवर थांबले नाहीत. विद्यापीठातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ते पबमागून पब फिरले : मित्राला मिळतं आणि मला मिळत नाही, हे साक्षीदारांसमोर उघडं पाडत. नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा झाला, आणि हॉटेल, चित्रपटगृह, पब अशा सार्वजनिक जागी वंशावरून कोणाला नाकारणं बेकायदा ठरलं. कायदा तोकडा होता. घरं आणि नोकऱ्या त्यात यायला १९६८ उजाडलं, आणि सभासदांचे खासगी क्लब तर १९७६ पर्यंत मोकळेच राहिले. पण पबचं दार त्याने उघडलं.

जोहल २०२२ मध्ये गेले. आज संध्याकाळी पबमध्ये समारंभ असा काही नव्हता. पाजींनी काउंटरवर वर्तमानपत्रातला एक जुना फोटो उभा करून ठेवला होता : मार्शल स्ट्रीट, हिवाळी कोट, काळ्या काड्यांचा चष्मा. एका गोऱ्या मुलाने विचारलं, हा कोण? माझे ओतशाळेचे सरदारजी तिथेच होते. त्यांनी त्याला अर्धा तास उभं राहून सांगितलं. दहा मिनिटांचं उद्दिष्ट मी उद्या खोडून नवं लिहीन.

१६ फेब्रुवारी, रविवार

माझं माहेर मिरजेचं. स्टँडजवळच्या परमिट रूमच्या काचा काळ्या होत्या, आणि आई आम्हाला मुद्दाम समोरच्या फुटपाथवरून न्यायची. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा; त्यातल्या परवान्यावरून त्या खोलीला नाव पडलं, आणि पिण्यासाठी परवाना लागतो हे कागदावर अजूनही खरं आहे. त्या कायद्याने दारू काही सुटली नाही, पण दारूची जागा मात्र लपली. काळ्या पिशव्या, मंद दिवे, भिंतीकडे तोंड करून बसलेले पुरुष. बाई तिथे गेलीच तर ‘फॅमिली’ अशी पाटी असलेल्या कोंदट माडीवर. लपून प्यायल्याने माणूस जास्त पितो, हे मी डॉक्टर नसले तरी आमच्या गल्लीत पाहिलंय.

म्हणून इथे पहिल्यांदा आले तेव्हा खिडकीत बसले. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी दिसत होते, मला रस्ता दिसत होता. अर्धा पाइंट सायडर, फिश पकोडा. कोणी वळून पाहिलं नाही.

पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. माझ्या पेशंट असलेल्या एक पंजाबी आजी आज भेटल्या, नातीच्या वाढदिवसाला आल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं : “आमचे नवरे इथे यायचे तेव्हा आम्ही कारखान्यातून येऊन रोट्या लाटत असायचो. हा दरवाजा मी पहिल्यांदा ओलांडला तो साठी उलटल्यावर.” ज्यांना स्मोक रूममधून बाहेर काढलं होतं, त्यांनी आपल्या बायकांसाठी खुर्ची ओढली नव्हती. हे मला लिहून ठेवायलाच हवं, कारण देसी पबचं कौतुक करणारे ही गोष्ट गाळतात. बायका आल्या त्या जेवणाच्या निमित्ताने. तवे आले, टेबलं वाढली, रविवारची गर्दी कुटुंबांची झाली. आज त्या आजींनी मँगो लस्सी मागवली आणि केक कापायच्या आधी डार्ट्सचे तीन बाण मारले. दोन फळ्याला लागले.

२३ फेब्रुवारी, रविवार

भारत-पाकिस्तान, दुबई. इथे सकाळी नऊलाच सामना सुरू, पब उघडला तेव्हा पाकिस्तानची फलंदाजी निम्मी होत आली होती. पाजींचा नियम दारावर चिकटवलेला : झेंडे खिशात, घोषणा घरी. टॅक्सी चालवणारे दोन पाकिस्तानी मित्र कोक घेऊन आमच्याच टेबलाला. २४२ चं लक्ष्य, आणि शेवटी कोहलीने चौकार मारून विजय आणि शतक एकदमच गाठलं. टॅक्सीवाल्यांपैकी एकाने टाळी वाजवली, दुसरा गाडी काढायला उठला. काउंटरवरच्या इंग्रज आजोबांना क्रिकेटमध्ये रस नाही. त्यांना अल्बियनचा निकाल हवा होता, तो त्यांना कोणी सांगेना.

५ मार्च, बुधवार

रात्री पाजींनी एका माणसाला दारू द्यायला नकार दिला. चाळिशीचा असेल. आवाज चढला नाही. पाजींनी ग्लास मागे सरकवला, पाण्याचा पुढे ठेवला, आणि स्वयंपाकघरातून डाळ-रोटी मागवली. मग त्याच्या भावाला फोन. भाऊ येईपर्यंत ते त्याच्यापाशी उभे होते.

दारूने घरं बुडतात. इथल्या पंजाबी घरांतही बुडाली आहेत, आणि आमच्या दवाखान्यात यकृत सुजलेली, पोटात पाणी झालेली माणसं मी पाहते. पब म्हणजे प्रेमळ चावडी, एवढंच लिहून मला थांबता येणार नाही. पण सुपरमार्केटमध्ये बाटली स्वस्त मिळते आणि ती घरी, पडदे ओढून, एकट्याने संपवली जाते. तिथे ग्लास मागे सरकवणारं कोणी नसतं. कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हा अधिकार काउंटरमागच्या माणसाला पूर्वीही होता. त्याने तो माणसाचा रंग पाहून वापरला तेव्हा तो अन्याय होता. माणसाची अवस्था पाहून वापरला, तर ती त्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी जबाबदारी आहे. पाजींनी आज एक गिऱ्हाईक गमावलं असेल. मला ते बरोबर वाटलं.

२९ मार्च, शनिवार

एका सहकाऱ्याच्या गाडीतून हिमलीला जाऊन आले. तिथे क्रुकेड हाउस नावाचा पब होता. १७६५ चं शेतघर, पुढे पब झालं. खालच्या कोळशाच्या खाणीमुळे जमीन खचली आणि इमारत एका बाजूला कलली. टेबलावर गोटी ठेवली की ती चढावर जाते असं वाटायचं, ते पाहायला लोक लांबून यायचे. जुलै २०२३ मध्ये विकला गेला, ५ ऑगस्टच्या रात्री आग लागली, दोन दिवसांत बुलडोझरने सपाट झाला. लोक इतके संतापले की पुढच्या वर्षी कौन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधा, अशी नोटीस काढली. आता तिथे कुंपण आहे. सहकारी तिथे लग्नाच्या आदल्या रात्री नाचली होती. ती कुंपणापाशी बराच वेळ उभी राहिली.

हा पब पेटला म्हणून बातमी झाली. बहुतेक पब गुपचूप मिटतात. या शतकाच्या सुरुवातीला देशात साठ हजारांच्या आसपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. स्मेदिकच्या केप हिलवर मिचेल्स अँड बटलर्सची प्रचंड ब्रुअरी होती. अर्ध्या मिडलंड्सची बिअर तिथून जायची. २००२ मध्ये ती बंद झाली, जागेवर घरं उभी राहिली. सरदारजी सांगतात, वारा तिकडून असला की सगळ्या गावाला माल्टचा वास यायचा.

६ एप्रिल, रविवार

पाजी आज हिशेबाची वही घेऊन बसले होते. १ एप्रिलपासून पब-रेस्टॉरंटांना मालमत्ता करात मिळणारी सवलत ७५ टक्क्यांवरून ४० वर आली. किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं असं ते स्वतःच म्हणाले, कारण तवे आणणारी मुलं त्याच वेतनावर आहेत. आजपासून नोकरमाणसांमागे मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्के. गॅस, मटण, बिअर वेगळं. पाइंटमागे वीस पेन्स वाढवले तर चार वाजताचे म्हातारे अर्ध्या पाइंटवरून पाण्यावर येतील, हे त्यांना दिसतंय. इमारत त्यांची नाही, एका कंपनीची आहे. कंपनीने विकायचं ठरवलं तर जिथे खोल्या वाढवता येतील तिथे पब कोण ठेवतो?

यावर एक उपाय आहे आणि तो आम्ही करतो आहोत. २०११ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानुसार लोकांच्या सामाजिक वापराची इमारत कौन्सिलकडे नोंदवून घेता येते. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाला विकायची झाली तर आधी कळवावं लागतं, आणि रहिवाशांनी इच्छा दाखवली तर पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. शेवटी तो त्यांनाच विकेल अशी सक्ती नाही, पण रातोरात काही होत नाही. दक्षिण लंडनच्या नन्हेडमधला आयव्ही हाउस हा अशी नोंद झालेला पहिला पब. तिथल्या शेकडो रहिवाशांनी भाग विकत घेतले आणि २०१३ मध्ये तो स्वतः चालवायला घेतला. त्याच्या दहा वर्षं आधी कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने आपला ओल्ड क्राउन असाच सहकारी तत्त्वावर घेतला होता. सहकाराचं हे गणित मिरज-सांगलीच्या माणसाला परकं नाही.

अर्ज करायला गट नोंदणीकृत नसला तर किमान एकवीस स्थानिक मतदार लागतात. आज तव्याभोवती बसून नावं लिहिली. सरदारजी चालत आले होते, काठीशिवाय; पहिली सही त्यांची. दुसरी त्या आजींची. मग अल्बियनवाले आजोबा, तवे आणणारा मुलगा, जमैकन नर्स. माझा पासपोर्ट भारतीय आहे, तरी माझंही नाव त्यात आहे; कारण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर त्याला मतदार यादीत नाव घालता येतं आणि मतही देता येतं. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना हे माहीत नसतं, पंजाबातून आलेल्या कामगारांना ते १९६४ मध्येही माहीत होतं. तुम्ही इथे असाल आणि अजून नाव घातलं नसेल, तर या आठवड्यात घाला. फॉर्म ऑनलाइन आहे, पाच मिनिटं लागतात. आणि तुमच्या कोपऱ्यावरचा पब नोंदवलेला आहे का, ते कौन्सिलच्या यादीत पाहा.